संशयीपणाचे गुण दोन वंशगटांत तुलनेला लायक आहेत का, ते असं तपासा

अमेरिकेतल्या नमुन्यात कृष्णवर्णीयांचे संशयीपणाचे गुण गोऱ्यांपेक्षा सरासरीने जास्त आले, तर चाचणीला लगेच पक्षपाती म्हणू नका आणि विकार जास्त आहे असंही लिहू नका. नुसती सरासरी दोन्हीपैकी काहीच सिद्ध करत नाही.

पीआयडी-५ ही व्यक्तिमत्त्वाची प्रश्नावली घ्या. डीएसएम-५ या अमेरिकेतल्या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेतल्या व्यक्तिमत्त्व विकारांच्या पर्यायी प्रारूपासाठी ती बनली. त्यात २२० विधानं, २५ पैलू (संशयीपणा हा त्यातला एक), प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण. विधानं त्यांमागच्या गुणधर्माशी कशी जोडलेली आहेत ते दाखवणाऱ्या एकाच संख्याशास्त्रीय मॉडेलमध्ये सगळी विधानं कोंबू नका. एकेक पैलू तपासा. त्याआधी १६ विधानांचे गुण उलटे (० चे ३, १ चे २) करायचे असतात, ते राहिलं तर पुढचं सगळं फुकट.

मग प्रत्येक विधानाची गटवार वारंवारता काढा. एखाद्या गटात ‘३’ कुणीच दिलं नसेल तर मॉडेल अडकतं. तेव्हा दोन्ही गटांत ‘३’ आणि ‘२’ एकत्र करा.

‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘लाव्हान’ पॅकेजमध्ये उत्तरं क्रमवार म्हणून नोंदवा आणि अशा उत्तरांसाठीची डब्ल्यूएलएसएमव्ही ही आकडेमोडीची पद्धत वापरा. बंधनं, म्हणजे दोन्ही गटांत मॉडेलचे आकडे सारखेच असण्याच्या अटी, टप्प्याटप्प्याने घाला: आधी दोन्ही गटांत रचना सारखी, मग उंबरठे, म्हणजे उत्तर ० वरून १ वर, १ वरून २ वर कुठे सरकतं ते. त्यानंतर भार, म्हणजे विधान गुणधर्माशी किती घट्ट जोडलंय ते, शेवटी छेद, म्हणजे गुणधर्म सारखा असताना विधानाच्या उत्तराची मूळ पातळी. मोठ्या नमुन्यात काय-वर्ग ही चाचणी किरकोळ फरकही ठळक दाखवते, म्हणून सीएफआय, म्हणजे मॉडेल माहितीशी किती जुळतं याचा निर्देशांक, ०.०१ पेक्षा जास्त घसरतो का तेही बघा. ही मर्यादा सलग गुणांवरून ठरलेली आहे. क्रमवार उत्तरांसाठी ती फक्त इशारा समजा. घसरण दिसली तर एकेका विधानाचं बंधन सोडून दोषी विधान शोधा आणि ते धरून व वगळून गटांतला फरक किती बदलतो ते लिहा. विधान सरळ काढून टाकायची घाई बरेच जण करतात. त्याने पैलूचा अर्थच बदलू शकतो.

खरी अडचण इथून पुढे. पोलिसांचा, दवाखान्यांचा वाईट अनुभव असलेला माणूस या पैलूच्या सगळ्याच विधानांना थोडे जास्त गुण देईल. सगळी विधानं सारखी सरकली की मॉडेलला त्यात दोष दिसत नाही. तो फरक गुणधर्माच्याच खात्यात जमा होतो. म्हणून भेदभावाच्या अनुभवाचं वेगळं मोजमाप त्याच वेळी घ्या. कामातली, नात्यांतली अडचण जवळच्या माणसाकडून नोंदवून घ्या. मग गुण, गट आणि दोन्हींचा गुणाकार यांवरून त्या अडचणीचा अंदाज बांधणारं समाश्रयण (रिग्रेशन) चालवा. तेवढ्याच गुणांवर एका गटात अडचण कमी निघत असेल, तर तिथे तेच गुण विकाराकडे कमी बोट दाखवतात. अशा वेळी निदानासाठी दोन्ही गटांना एकच सीमारेषा लावू नका.