तळ्याकाठची फुलपाखरं वाचवायची तर आधी काटे ओळखा

आपल्या इंदूरचा स्वच्छतेत 2017 पासून पहिला नंबर, अभिमान आहेच, पण तळ्याचा काठसुद्धा हॉलसारखा चकाचक करायचा म्हटलं की फुलपाखरांचं कठीण होतं. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर दोन्ही 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले, तिथे सगळे दुर्बीण घेऊन पक्षी बघतात, खाली पायाशी कोणी बघतच नाही.

तर आधी तालीमखाना नावाचं काटेरी झुडूप शोधा. काठाच्या चिखलात उगवतो, फूल जांभळं, आणि खोडाच्या प्रत्येक पेरावर पिवळट लांब काटे, त्यामुळे पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, मी एकदा हाफ पँटवर गेलो होतो, परत नाही. पीकॉक पॅन्सी, म्हणजे मयूर भिरभिरी, आणि ग्रे पॅन्सी ही फुलपाखरं यावर अंडी घालतात. पान हळूच उलटून बघा, हिरवं, उभ्या रेघांचं, खसखशीएवढं अंडं असतं. अळी काळपट, अंगभर फांद्यांसारखे काटे. हात लावू नका, घरी तर मुळीच आणू नका.

पाऊस उघडला की सप्टेंबर ते नोव्हेंबर जा, सकाळी ऊन पडल्यावर, आणि आपली सावली फुलपाखरावर पडू देऊ नका, लगेच उडतं. फोटो पंखांच्या दोन्ही बाजूंचा हवा, कारण पीकॉक पॅन्सीच्या पंखाखाली पावसाळ्यात डोळ्यांसारखे ठिपके दिसतात आणि हिवाळ्यात तेच पंख मिटून बसलं की थेट वाळकं पान, नवा माणूस हमखास दोन वेगळी फुलपाखरं समजतो. फोटो तारीख आणि जागेसकट आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाका.

नुसती फुलपाखरं आणून सोडून भागत नाही हं. इंग्लंडमध्ये दलदली उपसून शेती केली तेव्हा लार्ज कॉपर नावाचं फुलपाखरू संपलं, मग 1927 मध्ये हॉलंडमधली जात आणून वुडवॉल्टन फेन नावाच्या दलदलीत सोडली, कितीदा पाळून परत परत सोडली, तरी शेवटी टिकली नाहीच.

म्हणून तुमच्या भागात काठाची सफाई ठरली तर आधी जाऊन सांगा, दादा प्लास्टिक सगळं उचला पण ही झुडपं सोडा, निदान निम्मा काठ तरी. आमच्याकडे एकदा सगळं सपाट करून वर लॉन लावलं होतं, काय बोलणार.

गच्चीवर कुंडीतही तालीमखाना येतो, माती ओली ठेवा, औषध फवारू नका. बी मात्र आधी भिजवू नका, सब्जासारखा बुळबुळीत गोळा होतो आणि मग बोटाला चिकटतं, मातीत पडतच नाही.