प्रशिक्षणासाठी आणि कार्यक्रमांसाठी बोधचिन्ह छापलेले पेनड्राइव्ह कसे निवडावेत

कंपनीच्या नावाचे पेनड्राइव्ह मागवायचे ठरले की चर्चा बहुधा रंग आणि आकार यांच्यापासून सुरू होते, आणि आत काय भरायचे हा प्रश्न कार्यक्रम तोंडावर आल्यावर निघतो. हा क्रम उलटा करावा. समजा, एका कारखान्यातील २०० पर्यवेक्षकांना सुरक्षा प्रशिक्षणाचे साहित्य द्यायचे आहे. पुढचे सर्व हिशेब याच उदाहरणावर मांडले आहेत.

सर्वप्रथम, घेणाऱ्याला पेनड्राइव्ह लावता येईल का, याची खात्री करावी. बँका, आयटी कंपन्या आणि औषधनिर्मितीचे अनेक कारखाने येथे सुरक्षेच्या कारणाने संगणकांचे यूएसबी पोर्ट बंद ठेवलेले असतात. आपल्या आयटी विभागाला हे विचारायला पाच मिनिटे लागतात. बाहेरच्या पाहुण्यांच्या परिषदेत तर अनोळखी पेनड्राइव्ह लावू नये, हेच त्यांना शिकवलेले असते. तेथे क्यूआर कोड छापलेले साधे कार्ड अधिक उपयोगी पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर साहित्य एकत्र करून त्याचा आकार मोजावा. सेकंदाला २ मेगाबिट या दराने साठवलेला एक तासाचा व्हिडिओ सुमारे ९०० एमबी होतो. असे सहा तास आणि सोबत काही पीडीएफ धरले तरी ६ जीबीत काम भागते. मात्र ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर संगणक सुमारे ७.४ जीबीच दाखवतो, कारण उत्पादक दशमान पद्धतीने मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत. ही फसवणूक नव्हे. पुढे भर पडणार असेल तर १६ जीबी घ्यावा. ६४ जीबीचा मोह मात्र टाळावा.

जोडणीचे तोंड कोणते हवे, हे वापरणाऱ्यांवरून ठरवावे. कार्यालयातील जुन्या संगणकांना रुंद, म्हणजे टाइप-ए तोंड लागते. नव्या मोबाइलना आणि कित्येक लॅपटॉपना टाइप-सी लागते. पर्यवेक्षक व्हिडिओ मोबाइलवरच पाहणार असतील, तर दोन्ही तोंडे असलेला नमुना थोडा महाग पडला तरी परवडतो. फॉरमॅटकडेही, म्हणजे पेनड्राइव्हवर फाइली मांडण्याच्या पद्धतीकडेही, लक्ष द्यावे. एफएटी३२ जवळजवळ सगळीकडे चालतो, पण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. एक्सएफएटीला ही अडचण नाही, परंतु काही जुने टीव्ही आणि मोबाइल तो ओळखत नाहीत. म्हणून व्हिडिओचे तासातासाचे भाग करून एफएटी३२ ठेवणे सोयीचे.

वेगाचा प्रश्न खरा बोचतो तो डेटा भरताना. स्वस्त यूएसबी २.० पेनड्राइव्हवर लिहिण्याचा वेग सेकंदाला ६ एमबी मिळाला, तर ६ जीबी भरायला जवळपास १७ मिनिटे जातात. एकामागून एक २०० भरायचे म्हटले तर सुमारे ५५ तास. हे गणित न केल्यामुळे कार्यक्रमाच्या आदल्या रात्री आम्ही चौघे जण चार लॅपटॉप घेऊन बसलो होतो. म्हणून डेटा भरून देण्याची अट पुरवठादाराच्या कोटेशनमध्येच घालून घ्यावी, फाइली पुसता येणार नाहीत अशी सोय हवी असल्यास तीही तेव्हाच सांगावी, आणि माल आल्यावर अँटिव्हायरसने तपासणी करावी.

छपाईचा निर्णय आता घ्यावा. एक-दोन सपाट रंगांच्या बोधचिन्हाला स्क्रीन प्रिंटिंग पुरते, छटा असतील तर यूव्ही छपाई लागते, आणि धातूच्या किंवा लाकडी पेनड्राइव्हवर लेझरने कोरलेले नाव घासून जात नाही, पण त्याला रंग मिळत नाही. झाकण हरवू नये म्हणून फिरत्या पट्टीचा नमुना बरा. बोधचिन्ह कोरलड्रॉ किंवा व्हेक्टर पीडीएफमध्ये, म्हणजे कितीही मोठे केले तरी रेषा स्पष्ट राहणाऱ्या फाइलमध्ये, द्यावे. व्हॉट्सॲपवरून पाठवलेले चित्र छापल्यावर फाटलेले दिसते.

मोठी ऑर्डर देण्यापूर्वी छापलेला एक नमुना हातात घेऊन पाहावा. बाजारात असेही पेनड्राइव्ह मिळतात, ज्यांची आतली चिप कमी क्षमतेची असून संगणकाला मात्र ३२ जीबी असल्याचे सांगते. खऱ्या क्षमतेपुढे लिहिलेल्या फाइली दिसतात, पण उघडत नाहीत. माल आल्यावर वेगवेगळ्या खोक्यांतून दहा-बारा पेनड्राइव्ह काढून एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या मोफत प्रोग्रामने ते पूर्ण भरून तपासावेत. फाइली न पुसल्या जाण्याची सोय घेतलेली नसेल, तर भरून आलेल्या पेनड्राइव्हपैकी जे असे तपासायचे, त्यांतील फाइली आधी पुसाव्यात आणि तपासणीनंतर पुन्हा भराव्यात. सदोष नग बदलून देण्याची अट खरेदी आदेशात लिहिलेली असावी.

दर विचारताना छपाई, डेटा भरणे, डबी, वाहतूक आणि जीएसटी वेगवेगळे मांडून घ्यावेत. भेट म्हणून दिलेल्या वस्तूंवरील जीएसटीचा इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर आपल्या देय करातून वजा करण्याची सवलत) मिळत नाही, त्यामुळे प्रशिक्षणाचे नग आणि पाहुण्यांसाठीचे नग यांची बिले वेगळी ठेवण्याबाबत लेखापालांशी आधीच बोलावे. संख्या ठरवताना दहा नग जास्त धरावेत, आणि भरलेल्या साहित्याची मूळ प्रत कंपनीच्या सर्व्हरवर ठेवावी.