जिनिंगच्या मोकळ्या जागेचं काय करायचं? ग्रामसभेआधीची तयारी

वर्धा-यवतमाळ पट्ट्यात बाजाराच्या अनेक गावांमध्ये भर चौकात एक मोठी पडीक जागा दिसते. बरेचदा ती जुन्या सहकारी जिनिंग-प्रेसिंगची, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्याची असते. 1972 साली एकाधिकार कापूस खरेदी (शेतकऱ्यांचा सगळा कापूस सरकारनंच घ्यायची योजना) सुरू झाली, तेव्हा दिवाळीनंतर अशा आवारांबाहेर बंड्यांच्या (बैलगाड्यांच्या) रांगा लागायच्या. पुढे ती योजना संपली, यंत्रं थांबली, पत्रे गेले, भिंती तेवढ्या उरल्या. आमच्या गावातही अशी दोनेक एकर जागा आहे आणि येत्या ग्रामसभेत तिचा विषय निघणार आहे. काहींना तिथे व्यापारी गाळे पाहिजेत, काहींना मंगल कार्यालय. मला वाटतं, ही जागा आज काय काम करते ते मोजल्याशिवाय तिथं काय बांधायचं हे बोलूच नये. ज्या गावांत असाच विषय आहे, त्यांनाही ही तयारी कामी येईल.

सुरुवात कागदांपासून करा. तलाठ्याकडून (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) सातबारा घ्या आणि त्यावरच्या प्रत्येक फेरफाराची प्रत मागा. मालकाचं नाव सातबाऱ्यावर कळतं, पण जागा त्याच्याकडे कधी आणि कोणत्या अटीवर आली हे फेरफारातच सापडतं. जागा गावठाणात असून तिचं भूमापन झालेलं असेल तर मिळकत पत्रिका भूमी अभिलेख कार्यालयात मिळेल. भोगवटादार वर्ग 2 अशी नोंद दिसली तर परवानगीशिवाय ती जागा कुणाला देता येत नाही, हे सभेत आधीच सांगा. जिनिंगची सहकारी संस्था अवसायनात निघाली, म्हणजे गुंडाळायला काढली असेल, तर कारभार त्यासाठी नेमलेल्या अवसायकाच्या हाती असतो. मग ग्रामपंचायतीचा ठराव ही केवळ मागणी ठरते, आणि हे माहीत नसल्यानं गावं वर्षानुवर्षं आपसात भांडत राहतात. तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधक कार्यालयात चौकशी करा. उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, त्याला 30 दिवसांची मुदत आहे. म्हणजे हे काम सभेच्या दीड-दोन महिने आधी सुरू व्हायला हवं.

वर्धा, नागपूर, भंडारा, चंद्रपूर या जुन्या मालगुजारीच्या जिल्ह्यांत आणखी दोन कागद पाहा: निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. मालगुजारी (गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची पद्धत) 1951 मध्ये गेली, पण गुरं कुठं बसायची, वाट कुठून, पाणी कुणाचं, या गावाच्या वहिवाटीच्या नोंदी त्यात असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये त्यांच्यासाठी तरतुदी आहेत. तुमच्या जागेतून जुनी वाट नोंदलेली निघाली तर नकाशाच बदलतो.

कागद येईपर्यंत जागेवर जा, आणि एकदाच जाऊन भागणार नाही. बाजाराच्या दिवशी, साध्या दिवशी, सकाळी, संध्याकाळी जाऊन मोजा. गावातल्या दोन-तीन कॉलेजच्या मुलींच्या हाती वही द्या. कोण कुठं बसतं, किती वेळ बसतं, बंड्या आणि मिनीडोअर कुठं उभे राहतात, बाया कोणत्या वाटेनं पाण्याला जातात, सगळं टिपू द्या. आमच्याकडे वजनकाट्याच्या खड्ड्याजवळ एक मोठा कडुनिंब आहे. मे महिन्यात पारा 45 वर गेला की चौकातली तेवढीच सावली. आजूबाजूच्या वस्त्यांमधल्या बाया तिथं चुंगडीवर (पोत्यावर) सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, अंबाडी, वांगी मांडतात. गाळ्यांच्या नकाशात त्या झाडाच्या जागी जिना आहे. तिथं बसणाऱ्या एका बाईंनी मला विचारलं, "गाळे झाले तं आमी कोठी बसाव जी?" हा प्रश्न सभेत त्यांनीच विचारला पाहिजे, मी त्यांच्या वतीनं नाही. वर्षातून काही दिवसच होणारे उपयोगही वहीत लिहा: पोळ्याचं तोरण, दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, 14 एप्रिलची मिरवणूक, भागवत सप्ताहाचा मांडव. साध्या दिवशी जागा रिकामी दिसते, म्हणून ती बिनकामाची ठरत नाही.

जुनी विहीर किंवा आग विझवण्याचा हौद उघडा असेल तर सभेची वाट न पाहता आजच त्याला काटेरी कुंपण घाला. सिमेंटचे जुने पत्रे कुणी फोडू नयेत, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं.

आता गाळ्यांचा हिशेब. समजा 10 बाय 12 फुटांचे 30 गाळे. एकूण 3,600 चौरस फूट, म्हणजे साडेतीन गुंठ्यांच्याही आत. दोन एकरांत हे काहीच नाही, असं कुणीही म्हणेल. पण प्रत्येक गाळ्याला तोंड रस्त्याकडेच लागतं. 30 गाळे सलग मांडले की 300 फूट झाले, आणि दोन एकरांच्या चौरस जागेची एक बाजू जेमतेम 295 फूट भरते. म्हणजे रस्त्याकडची अख्खी बाजू बंद, आणि मागची 76 गुंठे कोणाला दिसणार नाहीत, वापरता येणार नाहीत. हे आकडे फळ्यावर लिहून लोकांना पटत नाहीत. सभेच्या आदल्या दिवशी दोरी लावा आणि जागेवरच चुन्याची फक्की मारून गाळ्यांची रांग खऱ्या मापात आखा. मंगल कार्यालयही तसंच आखा, बाजाराचे ओटेही. लोक त्या रेषांमधून चालून पाहतील आणि निम्मे वाद तिथंच मिटतील. अख्ख्या तयारीतलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच काम.

गाळेवाल्यांचं म्हणणंही मनापासून ऐका. ग्रामपंचायतीला भाड्याचं उत्पन्न पाहिजे, शिकलेल्या पोरांना धंद्याला जागा पाहिजे, यात चूक काहीच नाही. फक्त त्यांना विचारा की गाळे किती मुदतीनं द्यायचे. तीन वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा असेल तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची मंजुरी लागते. पैशाची बाजू ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी घ्या. पंधराव्या वित्त आयोगात 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. अशा बंधित निधीतून बाजारात बायांसाठी स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी होऊ शकतं, दुमजली इमारत नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी ठेवली. गटात विषय समजून घ्यायचा, निर्णय सभेत सर्वसहमतीनं करायचा. आमचं गाव मोठं आहे, सर्वांची सहमती होईलच असं नाही. पण अभ्यासाची बैठक आधी घेता येतेच. वही, कागद, नकाशे तिथं मांडा, आणि त्या दिवशी कुणालाही मत मागू नका.

ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी लागते. त्यात हा विषय स्पष्ट शब्दांत आला आहे ना, ते पाहा. आयत्या वेळच्या विषयांत तो घुसू देऊ नका. गणपूर्ती (कोरम) मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी ते. पहिली सभा तहकूब झाली तर नंतरच्या सभेला गणपूर्तीची अट राहत नाही आणि मूठभर लोक निर्णय करून टाकतात. म्हणून कास्तकारांची, मजुरांची कामं उरकतील अशी वेळ मागा आणि पहिल्याच सभेला घरटी एक तरी माणूस आणा. त्याआधी होणारी महिला सभा केवळ सह्यांपुरती होऊ देऊ नका. कडुनिंबाखालच्या बायांपैकी ज्या आपल्या गावच्या मतदार आहेत त्यांना तिथं बोलतं करा आणि त्यांचं म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्या. बाहेरगावच्या विक्रेत्यांचं म्हणणं लेखी घेऊन सभेत वाचा.

ठरावाचा मसुदा घरून लिहून न्या. एकाच ठरावात सगळं कोंबू नका. जमिनीच्या सरकारी मोजणीची मागणी वेगळी, अवसायकाला किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पत्र वेगळं, आणि रस्त्याकडची बाजू व कडुनिंब मोकळा ठेवण्याचा ठराव वेगळा. इमारतीचा विषय मोजणी आल्यावरच्या सभेत घ्यावा, असं मी मांडणार आहे. सही करण्याआधी इतिवृत्त मोठ्यानं वाचायला लावा आणि ठरावाची प्रत त्याच आठवड्यात मागा. मोजणीचं शुल्क कोणत्या निधीतून भरायचं आणि अर्ज घेऊन भूमी अभिलेख कार्यालयात कोण जाणार, त्याचं नावही ठरावातच लिहून घ्या.