नवीन फिश टँकमधले मासे पटापट का मरतात? पहिल्या महिन्यात या चुका टाळा

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी शेजारच्या ताई दारात उभ्या. त्यांच्या मुलाने वाढदिवसाला हट्ट करून दोन फुटी टँक घेतला होता, जेमतेम सहा दिवस झाले होते आणि आतले सहाच्या सहा गोल्डफिश पाण्याच्या वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. "अगं परवाच सगळं पाणी बदललं, काचा घासल्या, फिल्टरचा स्पंजपण नळाखाली चकाचक धुतला, आता अजून काय करायचं?" मला ऐकूनच कसंतरी झालं, कारण त्यांनी जे केलं ते सगळं मायेने केलं होतं आणि नेमकं तेच माशांच्या जिवावर उठलं होतं.

माझ्या स्वतःच्या पहिल्या टँकचंही हेच झालं होतं, सिडकोत राहत होतो तेव्हा. आठव्या दिवशी शेवटचा मासा गेला आणि दुकानदार म्हणाला, मासे आजारी होते, औषध टाकायला हवं होतं. मासे आजारी नव्हते, टँक कच्चा होता. नवीन टँकमध्ये जे मासे जातात त्यातले बहुतेक याच एका कारणाने जातात, त्यामुळे हे नीट समजून घ्या, बाकी सगळं त्यातूनच येतं.

मासा कल्ल्यांमधून अमोनिया सोडतो, त्याची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच होतो. पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ असतं पण हा अमोनिया माशाचे कल्ले अक्षरशः जाळतो. जुन्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर चांगले बॅक्टेरिया बसलेले असतात, एक प्रकारचे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटपण विषच, ते रक्तात गेलं की रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही आणि कल्ले लालऐवजी तपकिरी दिसायला लागतात. नायट्रेट मात्र बरंच सौम्य, ते दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. नवीन टँकमध्ये हे बॅक्टेरिया नसतातच, आणि ते पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात.

मी सगळ्यांना हे दह्यावरून सांगते. दूध कितीही चांगलं असो, विरजण लावल्याशिवाय आणि वेळ दिल्याशिवाय दही होत नाही, आणि नाशिकच्या थंडीत तर भांडं उबेत ठेवावं लागतं, नाहीतर सकाळी दूधच्या दूध. टँकचं अगदी तसंच आहे. पाणी २५ ते २८ डिग्री असेल तर बॅक्टेरिया बऱ्यापैकी वाढतात, थंड पाण्यात तेच काम रेंगाळतं.

टँक आणि मासे एकाच दिवशी आणणं

ही सगळ्यात मोठी चूक. टँक आणा, पाणी भरा, फिल्टर चालू करा आणि मासे आणू नका. रोज चिमूटभर फिश फूड टाका, ते कुजून अमोनिया होईल आणि बॅक्टेरियांना खायला मिळेल. आणि विरजण हवंच, ओळखीत कोणाचा चार-सहा महिने नीट चाललेला टँक असेल तर त्यांच्या फिल्टरचा जुना मळका स्पंज मागून आणा, तुमच्या टँकच्या पाण्यात पिळा, जमलं तर त्याचा तुकडा तुमच्या फिल्टरमध्येच ठेवा. गाळ दिसला तरी घाबरू नका, त्या गाळातच सगळा जीव आहे. मात्र ज्या टँकमध्ये मासे आजारी आहेत तिथलं काही आणू नका. याने सहा आठवड्यांचं काम बऱ्याचदा दोन-तीन आठवड्यांत होतं.

झालं की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, त्यासाठी अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेटचं थेंबांचं टेस्ट किट घ्या. माशांच्या दोन खरेदींच्या पैशात ते येतं आणि पुढे वर्षभर पुरतं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसतंय, म्हणजे टँक पिकला. मग तीन-चार गप्पीपासून सुरुवात करा, आठवड्या-दोन आठवड्याने पुढचे. एकदम दहा आणले तर बॅक्टेरिया पुरे पडत नाहीत आणि अमोनिया पुन्हा चढतो.

स्वच्छतेच्या नावाखाली सगळं धुऊन काढणं

आपल्याकडे स्वच्छतेची सवय चांगली आहे पण टँकला ती घरातल्या भांड्यांसारखी लावायची नाही. सगळं पाणी बदललं की तापमान, पाण्याचा जडपणा (म्हणजे त्यातले क्षार) सगळं एका झटक्यात बदलतं आणि मासा त्या धक्क्यानेच बसतो, आणि स्पंज नळाखाली धुतला की क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात, म्हणजे टँक परत पहिल्या दिवसावर. आठवड्याला २५ टक्के पाणी बदला, बास. तेच काढलेलं पाणी बादलीत घ्या, त्यात स्पंज दोन-तीनदा हलक्या हाताने दाबा आणि परत लावा, थोडा तपकिरी राहिला पाहिजे. काचेला, खड्यांना, शोपीसला साबण कधीच नाही, एकदाही नाही.

रात्री फिल्टर बंद करणं

"आवाज येतो" किंवा "बिल येतं" म्हणून खूप घरांत झोपताना बटण बंद होतं. बिलाचा हिशोब सांगते, छोटा फिल्टर ५ वॅटचा असतो, २४ तास महिनाभर चालला तरी ३.६ युनिट होतात. आणि बंद केला की आतल्या बॅक्टेरियांना ऑक्सिजन मिळत नाही, काही तासांत ते मरायला लागतात आणि सकाळी चालू केल्यावर तेच कुजकट पाणी टँकमध्ये येतं. लाईट जास्त वेळ गेली असेल तर फिल्टर चालू करण्याआधी स्पंज टँकच्याच पाण्यात एकदा खळबळून घ्या.

नळाचं पाणी थेट ओतणं

नाशिकला महापालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून येतं, शुद्ध करून क्लोरीन टाकून येतं. आपल्याला ते चांगलं, माशांच्या कल्ल्यांना नाही. बादलीत भरून २४ तास उघडं ठेवा, एअर पंपाचा दगड सोडला तर अजून छान, किंवा अँटी क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका. पावसाळ्यात गढूळ पाणी येतं तेव्हा ते बसू द्या आणि वरचं वरचं घ्या, टँकमध्ये तुरटी फिरवू नका. सोसायटीत बोअरचं पाणी मिसळत असेल तर ते बऱ्याचदा जड असतं. अशा पाण्यात गप्पी, मॉली मजेत राहतात, निऑन टेट्राचे मात्र हाल होतात, म्हणून आधी आपलं पाणी बघा आणि मग मासा निवडा. आणि जड, अल्कधर्मी पाण्यात अमोनिया जास्त विषारी होतो हेही लक्षात ठेवा.

थंडी

निफाडचा पारा पेपरात येतो पण शहरातही डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलाच गारठा असतो. दुपारी पाणी २४ आणि पहाटे १८, असं रोज चाललं की गप्पी, मॉली, फायटर, एंजल हे उष्ण भागातले मासे सुस्त होतात, पंख मिटून कोपऱ्यात बसतात आणि मागोमाग पांढरे ठिपके येतात. थर्मोस्टॅटवाला हीटर घ्या, साधारण लिटरला १ वॅट, दोन फूट बाय एक बाय एकच्या टँकला पूर्ण भरल्यावर ५६ लिटरच्या आसपास पाणी बसतं म्हणजे ५० वॅटचा चालतो, खोली फार गार असेल तर ७५. पाणी काढायच्या आधी हीटर बंद करून थोडा वेळ थांबा, उघडा पडलेला गरम हीटर तडकतो. गोल्डफिश थंडी सोसतात, त्यांना हीटर नसला तरी चालतं.

पण गोल्डफिश म्हणजे सोपा मासा नव्हे हो. तो मोठा होतो, खातो खूप, घाण खूप करतो. वास्तूसाठी म्हणून आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ आणायचे असतील तर श्रद्धा तुमची, पण मग टँक तेवढा मोठा घ्या. दोन फुटीत दोन गोल्डफिश, त्यापुढे नाही. गोल बाऊलमध्ये एकसुद्धा नाही.

खाणं, धूर आणि निळं औषध

दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं, दिवसातून एकदा किंवा दोनदा. घरात कोण कधी घालतं ते ठरवा, कारण आजी घालतात, नातू घालतो, पाहुणे घालतात, आणि मासा कधीच नको म्हणत नाही. एक दिवस उपास घडला तर काही होत नाही.

मच्छरांचा स्प्रे, कॉइल, लिक्विड मशीन टँकच्या खोलीत नको. त्यातलं कीटकनाशक माशांसाठी फार जहाल असतं आणि एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. दिवाळीला पेस्ट कंट्रोल करणार असाल तर टँक आधी दुसऱ्या खोलीत न्या.

आणि ते निळं औषध. नवीन टँकबरोबर "रोज पाच थेंब टाका" म्हणून बाटली मिळते ती बहुतेक वेळा मिथिलीन ब्लू असते. आजारी माशाला वेगळ्या डब्यात ठेवून ते वापरतात आणि तिथे ते उपयोगी आहे, पण मुख्य टँकमध्ये टाकलं की आपले बॅक्टेरिया मरतात आणि काचेचं सिलिकॉनपण निळं होतं.

काही बिघडलंच तर

त्या रविवारी मी किट घेऊन ताईंकडे गेले. बाटलीत पाणी, मोजून थेंब, झाकण लावून हलवलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. पिवळं राहायला हवं होतं ते पाच मिनिटांत गर्द हिरवं झालं. मुलगा बाजूला उभा राहून बघत होता, त्याला रंगाच्या पट्टीवर बोट ठेवून दाखवलं तेव्हा त्याला कळलं की मासे वर का येतायत. निम्म्याला थोडं कमी पाणी काढून तेवढंच टँकच्या तापमानाचं, क्लोरीन घालवलेलं पाणी हळूहळू घातलं, एअर पंप जोरात सुरू केला, खाणं दोन दिवस पूर्ण बंद. माझ्या फिल्टरचा स्पंज पिळला. लिटरला १ ग्रॅम या हिशोबाने साधं मीठ विरघळवून घातलं, मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पुढे दोन आठवडे रोज पाव टँक पाणी बदलायचं आणि टेस्ट करायची. सहातले चार वाचले.

पाणी पहिल्या आठवड्यात दुधासारखं पांढुरकं झालं तर हात लावू नका, तो बॅक्टेरियांचा सुरुवातीचा फुलोरा असतो, काही दिवसांत आपोआप निवळतो. हिरवं झालं तर ऊन किंवा लाईट जास्त होतोय, खिडकीपासून हलवा, लाईट ६-८ तासच. अंगावर रव्याचे दाणे चिकटल्यासारखे ठिपके दिसले आणि मासा खड्यांवर अंग घासत असेल तर तो व्हाइट स्पॉट, परजीवी असतो. पाणी दोन-तीन दिवसांत हळूहळू ३० डिग्रीपर्यंत न्या, हवा वाढवा, लिटरला २ ते ३ ग्रॅम मीठ. ठिपके गेले तरी आठवडाभर सुरू ठेवा, कारण माशावरून गळलेला परजीवी खाली खड्यांत वाढून पुन्हा वर येतो आणि तो पाण्यात मोकळा असतानाच मरतो. गोल्डफिशला एवढी ऊब मानवत नाही, त्यांना मिठावर भर. कोरीडोरास, लोच हे मासे किंवा झाडं असतील तर मीठ जपून.

सकर मासा घाण खातो म्हणून घेऊ नका, तो विष्ठा खात नाही, उलट स्वतः भरपूर करतो आणि फूटभर वाढतो. घेतलाच असेल आणि टँकमध्ये मावेना झाला तर गोदावरीत सोडू नका. तो परदेशी मासा आहे, चिवट आहे, नदीत टिकतो आणि आपल्या माशांची अंडी आणि जागा दोन्ही जातात. पाणी भरलेल्या पिशवीत घालून ज्या दुकानातून आणला तिथे परत न्या, बरेच दुकानदार ठेवून घेतात.