गूगल शीट्समध्ये किराण्याची बेरीज कमी येत होती, त्यावर उपाय

घरखर्चाच्या शीटमध्ये किराण्याची 'समइफ' (SUMIF, ठरावीक वर्गाच्याच रकमा जोडणारं सूत्र) बेरीज खऱ्या खर्चापेक्षा कमी यायची. सूत्र नव्याने लिहिलं, आकड्यांचं फॉरमॅट बदललं. ढिम्म फरक नाही. वैताग नुसता! खर्चाच्या वर्गाच्या कॉलमवर 'युनिक' (UNIQUE, प्रत्येक वेगळी नोंद एकदाच दाखवणारं सूत्र) लावलं तेव्हा दिसलं: 'किराणा', 'किराना' आणि शेवटी स्पेस असलेला 'किराणा', असे तीन वर्ग.

आधी कॉलम निवडून डेटा, डेटा क्लीनअप, ट्रिम व्हाइटस्पेस, म्हणजे जादा स्पेस जातात. मग फाइंड अँड रिप्लेसने 'किराना'चं 'किराणा'. नंतर वेगळ्या टॅबवर वर्गांची यादी. दूध, गॅस, मेंटेनन्स स्वतंत्र ठेवले. 'इतर' मुद्दाम नाही, नाहीतर सगळं तिथेच जाऊन पडतं. शेवटी वर्गाच्या कॉलमसाठी डेटा व्हॅलिडेशनमध्ये (कॉलममध्ये काय लिहिता येईल ते ठरवणारी सोय) 'ड्रॉपडाउन फ्रॉम अ रेंज', रेंज म्हणून ही यादी, आणि अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'रिजेक्ट द इनपुट'. 'शो अ वॉर्निंग' ठेवलं तर चुकीचा शब्द इशारा देऊनही आत शिरतोच.