ऑटोमॅटिक गाडीचा मॅन्युअल मोड गिअर घेत नाही? या चुका टाळा

घाट उतरताना लिव्हर ‘एम’कडे सरकवून खालचा गिअर मागितला आणि गाडीने तो घेतलाच नाही, अशी तक्रार ऑटोमॅटिक गाडीच्या चालकांकडून नेहमी ऐकू येते. तेवढ्यावरून गिअरबॉक्स बिघडला असे समजणे ही सर्वांत मोठी चूक आहे. मॅन्युअल मोडमध्ये लिव्हर किंवा स्टिअरिंगमागचे पॅडल केवळ मागणी नोंदवते. ती मान्य करायची की नाही, हे ट्रान्समिशनचा संगणक गाडीचा वेग आणि इंजिनचा आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) पाहून ठरवतो.

छोट्या पेट्रोल गाडीत पहिल्या गिअरचे गुणोत्तर (गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे किती फेरे होतात, ते) साधारण ३.५, दुसऱ्याचे १.९ आणि तिसऱ्याचे १.३ च्या आसपास असते. तिसऱ्या गिअरमध्ये ३,००० आरपीएमवर चालणारी गाडी त्याच वेगात दुसऱ्यात आणली, तर इंजिन सुमारे ४,४०० वर जाते आणि पहिल्यात आणली, तर ८,००० च्याही पुढे जाईल. अशा इंजिनाची कमाल मर्यादा साधारण ६,००० ते ६,५०० असल्यामुळे संगणक ही मागणी नाकारतो आणि बहुतेक गाड्यांत त्या वेळी बीप वाजतो किंवा गिअरचा आकडा लुकलुकतो. तेव्हा लिव्हर पुन्हा पुन्हा ढकलू नये. आधी ब्रेक लावून वेग कमी करावा आणि मग एकेक गिअर खाली मागावा. गिअर मिळत नाही म्हणून उतारावर ‘एन’ (न्यूट्रल) टाकणे तर सरळ धोक्याचे आहे, कारण इंजिनाचा रोध नाहीसा होऊन सगळा भार तापलेल्या ब्रेकवर येतो.

गाडी थांबताना गिअर आपोआप पहिल्यावर येणे, तसेच ‘डी’मध्ये, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिक मोडमध्ये, पॅडल वापरल्यावर काही वेळाने गाडीने पुन्हा स्वतः गिअर बदलू लागणे, हे दोष नव्हेत. गिअर धरून ठेवायचा असेल, तर लिव्हरच ‘एम’मध्ये न्यावा लागतो.

खरा बिघाड ओळखण्यासाठी सपाट, मोकळ्या रस्त्यावर आधी ‘डी’मध्ये गाडी चालवून पाहावी. तिथे सर्व गिअर सुरळीत बदलत असतील आणि अडचण केवळ ‘एम’मध्येच येत असेल, तर गिअरबॉक्स उघडण्याची घाई करू देऊ नये. संशयाची जागा बहुधा लिव्हरखालचा स्विच किंवा त्याची वायर असते. लिव्हर बाजूला नेल्यावर डॅशबोर्डवर ‘एम’ उमटत नसेल, तर सिग्नलच पोहोचत नाही असे समजावे; कप होल्डरमधून सांडलेला चहा किंवा शीतपेय या स्विचपर्यंत सहज झिरपते. लिव्हर काम करतो पण पॅडल करत नाहीत, शिवाय हॉर्नही वाजत नाही आणि एअरबॅगचा दिवा लागला आहे, अशी लक्षणे एकत्र दिसली तर स्टिअरिंगमधील क्लॉक स्प्रिंग (फिरणाऱ्या चाकातील बटणांपर्यंत सिग्नल नेणारी गुंडाळलेली पट्टी) तुटलेली असण्याची शक्यता मोठी असते. तिथे एअरबॅग असल्यामुळे हे काम घरी करू नये.

‘डी’ आणि ‘एम’ दोन्हींत गाडी एकाच गिअरवर अडकून राहत असेल, तर ती बहुधा लिम्प मोडमध्ये, म्हणजे दोष आढळल्यावर गिअरबॉक्स वाचवण्यासाठी संगणक लावतो त्या मर्यादित मोडमध्ये, गेलेली असते. अशा वेळी बॅटरीची वायर काढून ‘रीसेट’ करण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण त्यामुळे संगणकात नोंदलेले दोषांचे कोड पुसले जाऊ शकतात आणि निदानाचा धागाच हरवतो. आधी हे कोड वाचणारा स्कॅनर लावावा: पी०७०० हा कोड ट्रान्समिशनमध्ये काहीतरी दोष आहे एवढेच सांगतो, पी०७०५ लिव्हरची स्थिती ओळखणाऱ्या सेन्सरकडे बोट दाखवतो, तर पी०८२६ गिअर वर-खाली करण्याच्या स्विचच्या सर्किटकडे. बॅटरीचा दाबही मोजावा. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीत तो १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. अंदाजाने ऑइल ओतू नये. सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा, ठरावीक गिअर नसलेला) आणि टॉर्क कन्व्हर्टर (तेलाच्या दाबाने जोडणारा) या दोन प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल वेगळे असते आणि पातळीही कंपनीने ठरवलेल्या तापमानालाच तपासायची असते.

२०१४ च्या सेलेरिओपासून भारतात रुळलेल्या एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) या प्रकाराबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण तिच्यात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि क्लचच असतो. फक्त तो यंत्राने चालवला जातो. चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी जागेवर तोलून धरल्याने हा क्लच झपाट्याने झिजतो आणि मग आरपीएम वाढूनही वेग वाढत नाही. क्लच बदलल्यानंतर स्कॅनरद्वारे त्याचे ‘लर्निंग’ करावे लागते, म्हणजे नवा क्लच कुठे पकड घेतो हे संगणकाला शिकवावे लागते. ते राहून गेल्यास नव्या क्लचवरही गिअर अडकतो, म्हणून गाडी ताब्यात घेण्यापूर्वी मेकॅनिकला त्याबद्दल विचारावे आणि थांबलेल्या गाडीत ‘एन’मधून ‘एम’मध्ये व ‘आर’मध्ये गिअर पडतो का, हे त्याच्यासमोरच पाहून घ्यावे.