चार सेकंदांत पाच लक्ष्यं: रॅपिड फायरचा भिंतीवरचा सराव
लातूर-परभणीकडे २५ मीटरची रेंज रोज कुठून मिळणार? तरी रॅपिड फायरचं, म्हणजे पिस्तूल नेमबाजीतल्या वेगवान प्रकाराचं, निम्मं काम गोळी न झाडता, रिकाम्या पिस्तुलाने भिंतीसमोर होतं.

स्पर्धेत पाच लक्ष्यांच्या मध्यांत प्रत्येकी ७५ सेंमी अंतर असतं. प्रत्येकावर एकच गोळी. वेळ ८, ६ आणि शेवटी ४ सेकंद. भिंतीपासून अडीच मीटरवर उभे राहणार असाल तर सगळं दहापट लहान करा: साडेसात सेंमी अंतरावर पाच ठिपके, प्रत्येक एक सेंमी व्यासाचा.

पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) डमी, म्हणजे बिनदारूचं काडतूस हवं, नाहीतर .२२ पिस्तुलाची फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) चेंबरच्या काठावर आपटून दोन्ही खराब होऊ शकतात.

हात ४५ अंश खाली. स्पर्धेत लाल दिव्यानंतर हिरवा ७ सेकंदांनी लागतो, तेवढं थांबा. हात वर येतानाच ट्रिगरवर दाब सुरू करा. चार सेकंदांच्या मालिकेत पहिली गोळी साधारण दीड सेकंदात, पुढच्या अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने.

चूक बहुधा दुसऱ्या लक्ष्यावर होते: खांद्यातून हात ढकलला की नेम पुढे निघून जातो. मनगट आणि खांदा बांधलेले ठेवून कमरेतून वळा. नजर आधी पुढच्या ठिपक्याकडे, पण तिथे पोचताच पुन्हा पिस्तुलाच्या टोकाकडच्या साइटवर (नेम धरायच्या खुणेवर).

मे महिन्यात तळवा घामेजतो, ग्रिप सरकते. पाच फेऱ्यांनंतर हात पुसा. दिवसाला तीस फेऱ्या पुरेत. थकलेला हात चुकाच पाठ करतो.